मालवणातला पावसाळी इंग्रजी क्लास, ‘मागे टाकणारी क्रियापदं’ बॅच: माझा अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं पण सीझन सुरू झाला की डोकं वर काढायला वेळ मिळत नाही, आज नेमका एकही गेस्ट नाही म्हणून बसलेय. आमचा देवबागला छोटा होमस्टे आहे, ४ खोल्या, जेवण घरचं. गेल्या जुलैमधे मी मालवणात एका निवृत्त सरांचा इंग्रजी क्लास केला त्याबद्दल हे. १२ दिवस, संध्याकाळी ६ ते साडेसात, फी ८०० रुपये, झेरॉक्स नोट्स त्यातच. सरांनी नाव लिहू नको म्हणून सांगितलंय त्यामुळे लिहीत नाही, पण बाजारपेठेत ‘पावसातला इंग्रजीचा क्लास’ विचारलंत तर कोणीही जिना दाखवेल.

क्लास पावसाळ्यातच का, तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटिंग-स्कुबा बंद, पर्यटक तुरळक, म्हणजे ज्यांना इंग्रजी खरंच लागतं ती सगळी माणसं ह्याच दोन महिन्यात जरा मोकळी असतात. आमच्या बॅचला १७ जण होतो. स्कुबावाले दोन मुलगे, एक रिक्षावाले काका, सिंधुदुर्ग किल्ल्यावर गाईडचं काम करणारा माझा भाचा, बंदरावर मासे विकणाऱ्या तिघी, बारावीच्या मुली आणि बाकी आम्ही होमस्टेवाले. सर व्याकरणाचं पुस्तक उघडतच नाहीत, एका बॅचला एकच अर्थ घेतात आणि त्या अर्थाच्या क्रियापदांचं अख्खं खानदान समोर बसवतात. जूनला ‘मागणे’ होतं, ते माझं हुकलं. जुलैला होतं दुसऱ्याला मागे टाकणं, वरचढ ठरणं, कुरघोडी करणं. विषय ऐकून मला वाटलं होतं की मला गेस्टशी बोलायचंय, कोणाला हरवायचं नाहीये, ह्याचा काय उपयोग. मग लक्षात आलं की आमच्या धंद्यात दिवसभर आपण हेच बोलत असतो, देवगडचा हापूस की रत्नागिरीचा, तारकर्लीचा किनारा बरा की भोगवेचा, बाजूच्याच्या सोलकढीपेक्षा आमची कशी वेगळी, आणि हे सगळं इंग्रजीत बोलायची वेळ आली की आपली गाडी ‘बेटर’ आणि ‘बेस्ट’ ह्या दोन स्टेशनांच्या पुढे जातच नाही.

आधी मी एका ॲपचा कोर्स घेतला होता, नाव नको, साडेचार हजार गेले. त्यात रोज शब्दांची यादी यायची, समोर अर्थ. सरपास म्हणजे मागे टाकणे, आउटडू म्हणजे मागे टाकणे, आउटस्ट्रिप म्हणजे मागे टाकणे, ओव्हरटेक म्हणजे पण तेच. सगळ्यांचा अर्थ एकच असेल तर मी कुठला शब्द कुठे वापरायचा हे त्या यादीने कधीच सांगितलं नाही आणि विचारायला तिकडे कोणी माणूस नव्हता.

आता ह्या क्लासचा पहिला दिवस सांगते म्हणजे फरक कळेल. सरांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, ‘मी त्याला हरवलं’, आणि म्हणाले करा इंग्रजी. माझ्या भाच्याने लगेच सांगितलं, ‘आय लॉस्ट हिम’. सर म्हणाले, ‘ह्येचो अर्थ, तो जत्रेत चुकलो, नायतर देवाघरी गेलो.’ अख्खा वर्ग गप्प. मग त्यांनी समजावलं की आपल्या मराठीत हरवणं दोन्हीकडे चालतं, छत्री पण हरवते आणि समोरची टीम पण हरवतो, म्हणून आपल्या डोक्यात दोन्हीला एकच इंग्रजी शब्द येतो, पण इंग्रजीत छत्री लूज होते आणि टीमला बीट करतात. दुसऱ्या एकाने सांगितलं ‘आय वन हिम’, ते पण चूक, कारण विनच्या पुढे मॅच येते, कप येतो, निवडणूक येते, पण ज्याला हरवलं तो माणूस येत नाही. आम्ही वन द मॅच, आणि कुडाळच्या टीमला बीट किंवा डिफीट केलं. माणूस आणायचाच असेल तर ‘विन ओव्हर’ म्हणायचं, पण तेव्हा अर्थ त्याचं मन वळवलं असा होतो. हे मी शाळेत दहा वर्षं इंग्रजी शिकून कधी ऐकलं नव्हतं, आणि चूक कुठून येते ते आपल्याच भाषेत दाखवल्यामुळे आता ती माझ्याकडून होतच नाही.

दुसऱ्या दिवसापासून ‘आउट’वाली मंडळी. आउटरन, आउटविट, आउटशाइन, आउटसेल, आउटप्ले, आउटलास्ट, नोट्समधे अशी साठेक आहेत. सरांनी सांगितलं की हा ‘आउट’ म्हणजे गळ आहे, गळाला मासा लागल्याशिवाय तो वर काढायचा नाही. म्हणजे रन हे आपलं एकटं धावतं, ‘ही रॅन’, वाक्य संपलं. पण त्याला आउट लावलं की पुढे कोणीतरी अडकलाच पाहिजे, ‘ही आउटरॅन हिज ब्रदर’, भावापेक्षा जोरात धावला, भाऊ मागे राहिला. आणि हा मासा थेट गळाला, मधे ‘दॅन’ नाही. आपण सगळे ‘आउटरॅन दॅन हिज ब्रदर’ करतो कारण मराठीतला ‘पेक्षा’ डोक्यातून जात नाही, तर तो पेक्षा त्या आउटच्या पोटातच आहे, परत वेगळा कशाला. भूतकाळ मूळ क्रियापदाचाच राहतो, रनचं रॅन म्हणून आउटरॅन, डूचं डिड म्हणून आउटडिड, सेलचं सोल्ड म्हणून आउटसोल्ड, आणि बोलताना जोर मागच्या अर्ध्यावर द्यायचा. उलट एक्सेल ह्या क्रियापदाला सहसा गळ लागत नाही, ‘शी एक्सेल्स इन सिंगिंग’, ती गाण्यात अव्वल आहे, कोणाला मागे टाकलं ते सांगायची गरज नाही.

आउटबिड आलं तेव्हा मासेवाल्या ताईंना काही शिकवावंच लागलं नाही. बंदरावर रोज लिलाव, सुरमईची टोपली, कोणीतरी चढी बोली लावतो आणि माल घेऊन जातो, तेच आउटबिड. फक्त त्याचा भूतकाळ पण आउटबिडच, आउटबिडेड नाही. त्यातल्या एका ताईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून सांगितलं, ‘कुडाळ एजंट आउटबिड मी, आय व्हेरी अँग्री’. मधली दोन-तीन छोटी अक्षरं गळली होती पण क्रियापद जागेवर होतं, दॅन नव्हता, आणि सरांनी आधी टाळ्या वाजवल्या मग राहिलेली अक्षरं भरून दिली. माणसाला बोलतं करायची ही पद्धत मला फार आवडली.

माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा दिवस पाचवा, आउट आणि ओव्हरचा. आमच्या होमस्टेच्या ऑनलाइन माहितीत मी दोन वर्षं लिहून ठेवलं होतं की ‘वुई ओव्हरकुक ऑल हॉटेल्स’, मनात अर्थ असा की आमच्या हातचं जेवण सगळ्या हॉटेलांना भारी पडतं. ओव्हरकुक म्हणजे जास्त शिजवून खराब करणं. मासा जास्त शिजवला की संपला, हे मालवणात कोणाला सांगायला नको, आणि मी तेच स्वतःबद्दल जगाला सांगत होते, इतक्या गेस्टपैकी एकानेही ते मला दाखवलं नाही. सरांनी जोड्या करून दाखवल्या, आउटडू म्हणजे दुसऱ्याच्या वर कडी करणं, ओव्हरडू म्हणजे अति करणं. आउटसेल म्हणजे दुसऱ्यापेक्षा जास्त विकणं, ओव्हरसेल म्हणजे नसलेले गुण सांगून माल गळ्यात मारणं. आउटग्रो आणि ओव्हरग्रो, आउटप्ले आणि ओव्हरप्ले, सगळीकडे तोच खेळ, एकात समोर माणूस आहे, दुसऱ्यात समोर फक्त मर्यादा आहे आणि ती ओलांडली. घरी येऊन जेवायच्या आधी मी ती ओळ बदलली.

पण इथे एक तक्रार पण आहे. हा नियम ऐकायला सोपा वाटतो आणि सरांनी तो जरा जास्तच सोपा करून सांगितला. ओव्हरटेक, ओव्हरपॉवर, ओव्हरकम, ओव्हरशॅडो ह्यात ओव्हर आहे पण अति काही नाही, ह्यातही दुसऱ्यावर मातच आहे. हायवेच्या बोर्डावर ओव्हरटेक वाचत आपण मोठे झालो, मग तिथे नियम का मोडतो हे कोणीही विचारणार. मी नवव्या दिवशी विचारलं तेव्हा सर म्हणाले बरोबर आहे, ओव्हरचा जुना अर्थ ‘वरून’ आहे, एखाद्याच्या वरून गेलास तर तू त्याच्या वरचढ आणि मर्यादेच्या वरून गेलास तर अति, फांदी एकच आहे. इतकं सुंदर उत्तर होतं तर ते पाचव्या दिवशीच सगळ्यांना द्यायला हवं होतं, नोट्समधे तर ते अजूनही नाहीये.

आउटग्रोबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. पोराचा सदरा आखूड झाला की आपण म्हणतो सदरा आखूड झाला, जणू सदऱ्यानेच काहीतरी केलं. इंग्रजीत पोरगा सदऱ्याला आउटग्रो करतो, म्हणजे वाढण्याच्या शर्यतीत सदरा मागे राहिला. सवयी पण आउटग्रो करतात, भीती पण करतात. माझ्या मुलाची पाण्याची भीती दहाव्या वर्षी आपोआप गेली, ते मी एका गेस्टला ह्या एका शब्दात सांगितलं आणि त्यांना लगेच कळलं.

आणि आउटलिव्ह. सरांनी लिहिलं, ‘शी आउटलिव्ड हर हजबंड’, नवऱ्याच्या मागे ती जगली. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी विचारलं, ‘ह्यात जिंकला कोण? माझो झील दर्यात गेलो, मी ऱ्हवलंय, मगे मी आउट केलंय काय तेका?’ सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले मावशी, भाषेने साचा एकच ठेवलाय, धावण्याला तोच आणि जगण्याला तोच, पण इथे जिंकणं नसतं, फक्त मागे उरणं असतं, आणि कुठल्याही आईला हे क्रियापद मुलाबद्दल वापरायला लागू नये. त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही, चहा मागवला आणि सगळे पावसाचा आवाज ऐकत बसलो. हे रिव्ह्यूमधे लिहावं की नाही असा विचार केला, मावशींना विचारलं, त्या लिही म्हणाल्या.

आउटनंबरला उदाहरण इथलंच दिलं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण पुरुषमाणसं पोटासाठी मुंबईला. ‘विमेन आउटनंबर मेन’, तीन शब्दात कोकणातल्या कितीतरी घरांचा इतिहास, माझ्या आजीचा तर नक्कीच.

आउट नसलेली क्रियापदं शेवटच्या चार दिवसात घेतली. ट्रम्प म्हणजे आपला हुकूम, मेंढीकोट खेळणाऱ्याला समजवायला नको, तो शब्द ट्रायम्फचाच बदललेला अवतार आहे, आणि एखाद्याचा मुद्दा दुसऱ्याच्या मुद्द्यावर भारी पडला तर तो ट्रम्प करतो. चेकमेट हा फारसीतल्या शाह मातवरून गेला आणि आपलं ‘मात करणे’ पण त्याच घरचं, म्हणजे दोन्ही भाषा एकाच पटावरून उठल्यात. एक्लिप्स म्हणजे एखाद्याला झाकोळून टाकणं. माझ्या भाच्याला इथे विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे आठवले, १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्यांचं नाव जोडतात, तर सरांनी बजावलं की आपल्याकडे ‘ग्रहण लागलं’ म्हणजे वाईट दिवस आले, ते ह्या क्रियापदात नाही, एक्लिप्समधे झाकणारा स्वतः जास्त तेजस्वी असतो. बेस्ट आणि वर्स्ट ही दोन्ही क्रियापदं म्हणून वापरली तर अर्थ एकच, हरवणं! हे ऐकून मी थक्क झाले, पण वर्स्ट असं आता बोलण्यात कोणी वापरत नाही आणि त्यावर पाऊण तास गेला तो मला जास्त वाटला, त्यापेक्षा सरपास आणि एक्सीडला द्यायचा, जी दोन रोज लागतात ती दहा मिनिटात उरकली. एक्सीड आकड्याला आणि मर्यादेला जास्त शोभतं, किल्ल्यावर जाणाऱ्या होडीत ठरलेल्यापेक्षा जास्त माणसं बसवली तर एक्सीड. सरपास गुणाला, कौशल्याला, विक्रमाला. अपेक्षांना दोन्ही चालतात. एवढं तरी मी माझ्या वहीतून इथे लिहून ठेवते, नोट्समधे ते एका ओळीत आहे.

पण अपस्टेजच्या दिवशी पैसे वसूल. रंगमंचाचा प्रेक्षकांपासून लांबचा भाग म्हणजे अपस्टेज, एखादा नट तिकडे जाऊन उभा राहिला की त्याच्याशी बोलायला बाकीच्यांना प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते, सगळं लक्ष ह्या एकट्यावर. दशावतार बघत वाढलेल्या माणसाला हे असं आत जाऊन कळतं. आपल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संवाद तिथल्या तिथे सुचतात, समोरचा कसलेला असेल तर शब्दाला शब्द लावून कोण कोणावर कडी करतो ते बघायलाच तर आपण रात्र जागवतो. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, पण तेच, एका बुवाने टाकलेलं कोडं दुसऱ्याने सोडवून वर दोन ओळी चढवायच्या, आणि तिकडे रत्नागिरीकडे शक्ती-तुऱ्याचा सामना. सर म्हणाले इंग्रजीला ह्यासाठी तयार शब्द नसेल तर बनवा, गळ तुमच्या हातात आहे, आउटसिंग म्हणा. शेक्सपिअरने तर हॅम्लेटमधे ‘आउट-हेरड्स हेरड’ म्हणून विशेषनामालाच आउट लावलंय, जुन्या धार्मिक नाटकांत हेरोद राजा हे आरडाओरडा करणारं पात्र असायचं, आणि एखादा नट त्या हेरोदच्याही वर ओरडला तर असं म्हणायचं. रिक्षावाले काका पटकन म्हणाले, ‘म्हंजे आमचो राकीस रंगात इलो काय तसो.’ राकीस म्हणजे दशावतारातला राक्षस. बरोबर तसंच! चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकातली गोष्ट एका वाक्यात मालवणात आली.

गैरसोयी पण सांगते. खोली वरच्या मजल्यावर, जिना अरुंद आणि पावसात निसरडा, वयस्कर माणसांनी जपून. लाईट तीनदा गेली, इन्व्हर्टर नाही. झेरॉक्स फिकट, काही पानं वाचताच येत नाहीत. १७ जणांत प्रत्येकाला बोलायची पाळी येत नाही आणि बारावीच्या मुली लाजून मागे बसल्या त्यांना सरांनी फारसं पुढे ओढलं नाही, माझ्या मते बॅच दहाच्या वर नको. आमच्यासारख्या लांबून येणाऱ्यांना साडेसातनंतर देवबागची बस मिळत नाही, मी रोज भाच्याच्या बाईकवर भिजत आले. एक दिवस चुकला तर भरून काढायची सोय नाही.

उपयोग झाला का, तर हो, खूप. सीझन सुरू झाल्यावर भाच्याने किल्ल्यावर एका परदेशी जोडप्याला सांगितलं की १६६४ ला शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांची गलबतं उथळ पाण्यात मोठ्या जहाजांना कशी आउटमनूव्हर करायची. त्या बाईंनी त्याला विचारलं तू कुठे शिकलास, तर त्याने बाजारपेठेकडे बोट दाखवलं. माझ्याकडे पुण्याच्या एक आजी राहिल्या होत्या, त्यांच्या अमेरिकेतल्या नातवाला मी सांगितलं ‘युअर ग्रँडमदर आउटवॉक्ड यू टुडे’, कारण सकाळी आजी संगमापर्यंत जाऊन आल्या आणि तो अर्ध्यातून परतला. आउटवॉक मी स्वतः जोडला होता, तो हसला, आजींना समजावून सांगितलं, आजी दिवसभर खूश.

शेवटच्या दिवशी सरांनी उलटा गृहपाठ दिला, मराठीतला एक असा शब्द आणा जो इंग्रजीत एका क्रियापदात मावत नाही. मी ‘पुरून उरणे’ नेला. दहा जण अंगावर आले तरी त्यांना पुरे पडून वर शिल्लक राहणं. आउटलास्ट म्हटलं तर फक्त टिकणं येतं, आउटमॅच म्हटलं तर फक्त भारी पडणं येतं, ‘मोअर दॅन अ मॅच फॉर’ सगळ्यात जवळ पण ती पाच शब्दांची वरात. सरांनी तो फळ्यावर मधोमध लिहिला आणि मावशींकडे बघून म्हणाले, ह्यो तुमचो शब्द. मावशींनी तो वहीत दोनदा लिहून घेतला.

पुढच्या जूनच्या बॅचला ‘नाही म्हणणे’ आहे असं ऐकलंय. मी आणि मावशी दोघींनी नावं दिलीत, तुम्हाला यायचं असेल तर मे संपायच्या आत जाऊन सांगा.